मालवण, तारकर्ली आणि देवबागची पुळण : फिरायला, खेळायला आणि सहलीला येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण शहरातून दक्षिणेला निघाले की वायरी, तारकर्ली आणि देवबाग या गावांच्या कडेने वाळूचा एक लांब पट्टा कर्ली नदीच्या मुखापर्यंत जातो. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधे माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी, अशी ही रचना आहे. येथे येणाऱ्यांचे बहुतेक प्रश्न निवास, जेवण आणि दर यांविषयी असतात. पाण्याविषयीचे प्रश्न सहसा पाण्यात पाय घातल्यानंतरच सुचतात. म्हणून पुढील उत्तरांत पाण्याला अधिक जागा दिली आहे.

येथे येण्यासाठी कोणता काळ योग्य आहे?

दिवाळीनंतर फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा आहे. या काळात हवा कोरडी असते, समुद्र बहुधा शांत असतो आणि पाणी इतके गार कधीच होत नाही की पोहताना हुडहुडी भरावी. मार्च आणि एप्रिलमध्ये ऊन कडक होते, तरी सकाळ-संध्याकाळ आनंदात जाते. मे महिन्यात आंबा-फणसाचे आकर्षण असते. मात्र दमट उकाडा आणि सुट्ट्यांची गर्दी सोसण्याची तयारी हवी.

पावसाळ्यासाठी राज्यात प्रवासी जलवाहतूक आणि जलक्रीडा साधारणपणे २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात बंद ठेवल्या जातात. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही तेव्हा थांबतात. या महिन्यांत पुळणीचा बराच भाग लाटा खाऊन टाकतात आणि पाणी गढूळ, खवळलेले असते. पावसातला समुद्र पाहण्यासारखा असतो, यात शंका नाही. पण तो रस्त्यावरून किंवा घराच्या पडवीतून पाहावा, पाण्यात उतरू नये.

नाताळ आणि वर्षअखेरीच्या आठवड्याबद्दल स्पष्टच सांगायचे तर ज्यांना शांत किनारा हवा आहे, त्यांनी तो आठवडा टाळावा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातील एखादा साधा मंगळवार त्याहून पुष्कळ चांगला.

भरती-ओहोटीची वेळ आधी पाहण्याची खरोखर गरज असते का?

असते. कारण किनाऱ्यावरचा दिवस कसा जाणार, हे घड्याळापेक्षा तिथीवर अधिक अवलंबून असते. दिवसातून साधारणपणे दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि दुसऱ्या दिवशी हीच वेळ सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. येथील जुनी माणसे भरती-सुकती म्हणतात आणि तिचा हिशोब तोंडी करतात : तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा आणि अमावास्या यांचा आकडा पंधरा धरला की सव्वाअकरा येतात. स्थळानुसार यात अर्ध्या-एक तासाचा फरक पडू शकतो, त्यामुळे बोटीने जायचे असेल तर छापील भरतीपत्रक किंवा मोबाइलवरील वेळापत्रक पाहावे. चालायला जाणाऱ्याला मात्र पाऊणपटीचा हिशोब पुरतो.

या हिशोबाचा उपयोग असा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास भरती दुपारी आणि मध्यरात्री असते, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी ओहोटी असते. सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा पडलेला मिळतो. अष्टमीच्या आसपास नेमके उलटे होते : सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी वर आलेले असते, पट्टा अरुंद होतो आणि कोरड्या, भुसभुशीत वाळूतून पाय ओढत चालावे लागते. सुट्टीचे दिवस आपल्याला निवडता येत असतील, तर दिनदर्शिकेत तिथी पाहून ते निवडावेत. हॉटेलच्या खोलीतून समुद्र दिसतो की नाही, यापेक्षा या एका गोष्टीने सहलीत अधिक फरक पडतो.

पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकत्र येते, म्हणून तेव्हाची भरती जास्त उंच आणि ओहोटी जास्त खोल असते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाण्याचा चढ-उतार कमी असतो, त्या काळाला भांग म्हणतात. सिंधुदुर्गात हा चढ-उतार मुंबईच्या मानाने बराच कमी आहे, परंतु नदीच्या मुखाशी आणि खडकांच्या फटींत त्याचा जोर स्पष्ट जाणवतो.

लांब चालण्यासाठी कोणता भाग चांगला?

तारकर्लीपासून देवबागच्या दिशेने दक्षिणेला चालत जाणे सर्वांत सुखाचे आहे. मधे खडकांचा अडथळा नाही, डाव्या हाताला सुरूची आणि माडांची रांग साथ देते आणि जसजसे पुढे जावे तसतशी माणसे कमी होतात. पाण्याच्या कडेची ओली वाळू अनवाणी चालण्यास चांगली. मात्र किनारा पाण्याकडे उतरता असल्याने एकाच दिशेने फार वेळ चालल्यास एका पायाच्या घोट्यावर आणि गुडघ्यावर जास्त ताण येतो. परतीच्या वाटेवर तो ताण आपोआप दुसऱ्या पायाकडे जातो, म्हणून जाताना रिक्षा आणि येताना पायी, असा बेत गुडघेदुखी असणाऱ्यांनी करू नये.

मालवण शहरातच राहिलेल्यांसाठी चिवला किनारा जवळ आहे. तो आकाराने अर्धगोल आणि तुलनेने शांत आहे. रॉक गार्डनचा भाग खडकाळ असल्याने तेथे चालण्यापेक्षा बसून सूर्यास्त पाहणे योग्य. ओल्या, शेवाळलेल्या खडकांवर छायाचित्रासाठी पुढे सरकणे धोक्याचे आहे.

सकाळी लवकर निघावे, याला आणखी एक कारण आहे. रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि पाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. ऊन चढले की खारे वारे सुरू होतात, दुपारी त्यांचा जोर वाढतो आणि लहान लाटा उठू लागतात.

वाळूच्या वरच्या बाजूला पसरलेली वेल तुडवली तर काय बिघडते?

जांभळ्या फुलांची ती वेल म्हणजे मर्यादवेल. तिच्या मुळांमुळे वाळूच्या टेकड्या जागेवर राहतात आणि त्या टेकड्यांमुळे मागची घरे आणि बागा वाचतात. देवबागसारख्या चिंचोळ्या गावात, जेथे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला नदी आहे, तेथे ही वेल गावाचे कुंपण आहे. रोजच्या वापराच्या पायवाटा ठरलेल्या असतात. त्यांनीच खाली उतरावे.

समुद्रात पोहणे सुरक्षित आहे का?

याचे एका शब्दातले उत्तर देता येत नाही, आणि जो ते देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. शांत दिवशी, ग्रामस्थ किंवा जीवरक्षक जेथे सांगतात त्या भागात, कमरेएवढ्या पाण्यात, सोबत कोणी असताना डुंबणे बहुतेकांसाठी सुरक्षित आहे. त्यापलीकडे प्रश्न पोहता येण्याचा राहत नाही. प्रवाह ओळखता येण्याचा असतो. विहिरीत किंवा तलावात उत्तम पोहणारा माणूसही समुद्रात अडचणीत येतो, कारण तेथे पाणी स्वतः चालत असते.

लाटा किनाऱ्याकडे पाणी सतत लोटत असतात आणि त्या पाण्याला परत जाण्यासाठी वाट लागते. पाण्याखालच्या वाळूच्या बांधाला जेथे खाच पडलेली असते, तेथून ते पाणी एकत्र होऊन वेगाने आत ओढले जाते. वरून पाहिल्यास हा भाग कसा दिसतो, हे प्रत्येकाने समजून घ्यावे : दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मधल्या पट्ट्यात त्या फुटत नाहीत, पाणी तेथे गडद किंवा गढूळ, पण वरून शांत दिसते. नवखा माणूस नेमकी हीच जागा निवडतो, कारण लहान मुलांना घेऊन उतरण्यास ती सर्वांत सोपी वाटते. पाण्यात उतरण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे कोरड्या वाळूत उभे राहून लाटा कोठे फुटतात आणि कोठे फुटत नाहीत, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून प्रवाहाविरुद्ध पोहण्याचा प्रयत्न करू नये. माणूस बुडतो तो बहुधा दमल्यामुळे. आधी उताणे होऊन तरंगावे, श्वास सावरावा, हात वर करून मदत मागावी आणि शक्ती असल्यास किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडावे. बाहेर आल्यावर लाटाच किनाऱ्याकडे आणतात. दुसरा कोणी ओढला जात असल्यास त्याच्यामागे उडी मारण्याऐवजी त्याच्याकडे दोरी, रिकामा बंद कॅन, टायरची ट्यूब, जे तरंगेल ते फेकावे आणि स्थानिकांना हाका माराव्यात. वाचवायला गेलेलाही बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. तेव्हा पौर्णिमा होऊन आठवडा उलटला होता, म्हणजे ते उधाणाचे दिवस नव्हते; पावसाळाही नव्हता. समुद्र धोकादायक केव्हा असतो, याविषयीच्या आपल्या ठरीव समजुती अपुऱ्या आहेत, हे त्यावरून लक्षात यावे.

देवबागच्या संगमावर पाण्यात उतरता येते का?

उतरू नये. तेथे कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटी लागली की नदीचे पाणी आणि भरतीचे परतणारे पाणी अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी समुद्राकडे धावतात, आणि वाळूचा तळ दिवसागणिक बदलत असल्याने काल गुडघाभर असलेली जागा आज डोक्यावर असू शकते. संगम बोटीतून किंवा पुळणीच्या टोकावर उभे राहून पाहण्याचे ठिकाण आहे, आणि तसा तो फार सुंदर दिसतो.

लहान मुलांना किनाऱ्यावर मोकळे सोडावे का?

पाण्याच्या कडेला नाही. मूल हाताच्या अंतरावर असावे, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी व्यक्ती नावानिशी ठरवलेली असावी. मोठ्या कुटुंबात प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणी पाहत आहे. हवा भरलेल्या रबरी ट्यूब समुद्रात मुलांना देऊ नयेत. जमिनीकडून येणारा वारा त्या पाहता पाहता आत नेतो. ओहोटीला वाळूतील डबक्यांत खेळणे मात्र मुलांसाठी उत्तम. तेथे लहान मासे, शंखांतून चालणारे खेकडे आणि वाळूत शिरणाऱ्या कुर्ल्या दिसतात, आणि समुद्रापेक्षा मुले तेथेच अधिक वेळ रमतात.

कोणते जलक्रीडा प्रकार कोठे होतात?

मालवणच्या बाजूला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकाळ भागात स्नॉर्केलिंग आणि स्कूबा डायव्हिंग चालते, कारण मासे आणि प्रवाळ खडकांभोवती असतात, मोकळ्या वाळूवर नाही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र असून ज्यांना एका फेरीपुरता अनुभव नको, तर रीतसर शिकून प्रमाणपत्र घ्यायचे आहे, त्यांनी तेथे आधी चौकशी करावी. जेट स्की, बनाना राईड, बंपर राईड यांसारखे प्रकार देवबागच्या बाजूला, नदीच्या मुखाच्या आतील शांत पाण्यात, त्सुनामी आयलंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाळूच्या बेटाजवळ चालतात. हे बेट २००४ च्या त्सुनामीनंतर वर आले, असे सांगितले जाते. ते पाण्याबाहेर किती दिसेल, हे पुन्हा भरती-ओहोटीवरच अवलंबून असते. भर भरतीत गेलेल्यांना कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ‘बेट कोठे आहे?’ असे विचारावे लागते.

पॅरासेलिंग वाऱ्यावर अवलंबून असते. वारा जास्त असल्यामुळे चालकाने नकार दिला, तर त्याच्याशी वाद घालू नये. तो चालक चांगला आहे. डॉल्फिन पाहण्याच्या फेऱ्या सकाळी लवकर निघतात. डॉल्फिन दिसतीलच, अशी हमी देणाऱ्यापेक्षा इंजिन मंद ठेवून दुरूनच दाखवणारा होडीवाला निवडावा.

पोहता येत नसेल तर स्कूबा डायव्हिंग करता येते का?

प्राथमिक अनुभवासाठी करता येते. त्यात प्रशिक्षक पूर्ण वेळ आपल्याला धरून असतो, खोली काही मीटरच असते आणि उतरण्यापूर्वी तोंडाने श्वास घेण्याचा सराव करून घेतला जातो. हा सराव घाईघाईत उरकला जात असेल, तर पाण्यात उतरण्यास नकार द्यावा. टाकी आपल्या पाठीवर असणार की हवा बोटीवरून नळीने मिळणार, एका प्रशिक्षकाकडे एका वेळी किती जण असतील, प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटे मिळतील, हे आधी विचारावे. किनाऱ्यावरून निघण्यापासून परतण्यापर्यंत दोन-तीन तास जातात. पाण्याखालचा वेळ त्यातला थोडाच असतो.

दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाचा जुना आजार किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये, आणि गरोदर स्त्रियांनी उतरूच नये. साधी सर्दी असली तरी बेत पुढे ढकलावा. खाली जाताना कानावर दाब येतो आणि नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारून तो मोकळा करावा लागतो. नाक चोंदलेले असेल तर तो मोकळा होत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. १० वर्षांखालील मुलांना प्रशिक्षण संस्था सहसा समुद्रात उतरू देत नाहीत. स्कूबानंतर निदान १२ तास विमानप्रवास टाळावा, त्यामुळे चिपी किंवा मोपा येथून परतीचे विमान असल्यास स्कूबा सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नये.

पाणी नितळ मिळावे, अशी इच्छा असल्यास सकाळची वेळ घ्यावी आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. छायाचित्रांत दिसणारा निळा रंग रोज मिळत नाही. मालवणचे पाणी पुष्कळदा हिरवट असते आणि त्यात काही मीटरच दिसते; तरीही खडकांभोवती फिरणारे मासे पाहण्याची मजा कमी होत नाही.

येथील समुद्राचा २९ चौरस किलोमीटरहून थोडा मोठा भाग १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे. प्रवाळावर उभे राहणे, तो तोडणे किंवा आठवण म्हणून घरी नेणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. माशांना पाव किंवा बिस्किटे घालण्याची प्रथाही बंद व्हायला हवी. तसे केले की चित्रफितीत मासे जास्त दिसतात, एवढाच त्याचा उपयोग.

बोट किंवा जलक्रीडा चालक निवडताना काय पाहावे?

प्रथम लाइफ जॅकेट पाहावे. ते प्रत्येकासाठी असावे, आपल्या मापाचे असावे, त्याचे पट्टे शाबूत असावेत आणि ते बोटीत बसण्यापूर्वीच अंगावर चढवावे. मुलांना मोठ्यांचे जॅकेट घातल्यास पाण्यात ते डोक्यावरून निघून जाते. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासीसंख्या लिहिलेली असते. संख्या ओलांडली जात असल्यास उतरावे, मग मागच्या रांगेतील लोक कितीही घाई करोत. बिघाड झाल्यास संपर्काचे साधन काय, सोबत दुसरी बोट असते का, विमा आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

मे २०२२ मध्ये स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. ते दिवस हंगाम संपण्याचे होते. मेच्या शेवटच्या आठवड्यांत पावसाळ्यापूर्वीचे वारे सुरू झालेले असतात आणि समुद्र लवकर बदलतो. ‘आजचा शेवटचा दिवस आहे, घेऊन टाका’ असे कोणी म्हणत असेल, तर ते न घेण्याचेच कारण समजावे.

दराविषयी : सर्व प्रकार एकत्र करून दिलेला दर स्वस्त वाटतो, परंतु त्यात प्रत्येक प्रकाराची वेळ अगदी थोडी असते. एक किंवा दोनच प्रकार निवडावेत. आणि घासाघीस करायचीच असेल तर ती नारळपाण्याच्याही बाबतीत करू नये आणि सुरक्षिततेच्याही.

सहलीचे जेवण किनाऱ्यावर करता येते का? डबा आणावा की येथे मिळते?

दोन्ही शक्य आहे. दुपारी पुळणीवर सावली नसते, म्हणून बैठक सुरूच्या झाडांखाली मांडावी. नारळांनी लगडलेल्या माडाखाली मात्र नको. डब्यात दुधाचे आणि अंडयातील बलकाच्या सॉसचे पदार्थ उन्हात टिकत नाहीत. घावणे, थालीपीठ, कोरडी चटणी, उकडलेले बटाटे टिकतात. पाणी माणशी दोन लिटर तरी जवळ असावे, कारण समुद्रात भिजलेल्या माणसाला तहान उशिरा जाणवते.

जेवण येथे घ्यायचे असल्यास घरगुती खानावळीत सकाळीच सांगून ठेवावे. बाजारात त्या दिवशी कोणता मासा आला आहे, त्यावर ताट ठरते. सुरमई आणि पापलेट यांचाच हट्ट धरणाऱ्यांना बांगडा, पेडवे आणि तिसऱ्या किती चवदार असतात, हे कळत नाही. शाकाहारी मंडळींसाठी काळ्या वाटाण्याचे सांबारे, उसळी, आंबोळ्या आणि सोलकढी आहेच. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे तेव्हा ताजा समुद्री मासा कमी मिळतो.

उरलेले अन्न वाळूत पुरू नये. भटकी कुत्री ते उकरतात आणि पुढे कासवांच्या घरट्यांपर्यंत पोहोचतात. थर्माकोल आणि एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटवाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. स्टीलच्या ताटल्या आणाव्यात, वाळूने घासल्या की त्या निम्म्या स्वच्छ होतात.

गाडी वाळूवर नेता येते का?

नाही. मनाई आहेच, शिवाय ओली वाळू वरून घट्ट वाटली तरी चाक एकदा रुतले की फिरवल्यावर अधिकच खाली जाते, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. भरतीत अडकलेल्या गाड्या ट्रॅक्टर लावून ओढण्याचे काम कोकणात दर हंगामात कोणा ना कोणा गावाला करावे लागते. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा दुरुस्तीखर्च सहलीच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो.

किनाऱ्यावर मद्यपान किंवा शेकोटी चालते का?

सार्वजनिक जागी मद्यपान करणे कायद्याने गुन्हा आहे, आणि मद्य घेऊन पाण्यात उतरणे हा जिवाशी खेळ आहे. शेकोटीमुळे सुरूच्या वाळलेल्या पानांचा थर पेटू शकतो. दोन्ही टाळावे.

सकाळी किनाऱ्यावर लोक जाळे ओढताना दिसतात. जवळ जाऊन पाहिले तर चालते का?

चालते, आणि अवश्य पाहावे. ही रापण. एक होडी जाळ्याचा मोठा अर्धगोल समुद्रात टाकून येते आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून कित्येक माणसे तालात ओढतात. यातील हिस्सा कसा वाटायचा याचे नियम रापणकरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. जाळे आणि दोर ओलांडू नयेत, त्यांच्यावर पाय देऊ नये, आणि माणसांची छायाचित्रे विचारून काढावीत. हात लावू का, असे विचारल्यास पुष्कळदा दोर हातात मिळतो. दोन मिनिटांत तळहात लाल होतात. मासे कमी आले असतील, तर त्या वेळी भाव विचारण्याची घाई करू नये.

कासवे कधी दिसतात?

ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री येऊन अंडी घालतात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात, म्हणून पिले पाहण्याचा काळ फेब्रुवारी ते एप्रिल धरावा. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास आणि आंजर्ले येथील कासव महोत्सव प्रसिद्ध आहेत. सिंधुदुर्गातही तारकर्ली, वायंगणी आणि इतर किनाऱ्यांवर घरटी होतात आणि वन विभाग व ग्रामस्थ ती कुंपण घालून जपतात. पिले समुद्राकडे जाताना मोबाइलचा दिवा किंवा फ्लॅश वापरू नये, कारण ती प्रकाशाच्या दिशेने जातात. पिलू उचलून पाण्यात सोडण्याची इच्छा कितीही झाली, तरी ते स्वतः चालत जाणे त्याच्यासाठी आवश्यक असते.

जेलीफिश किंवा अन्य काही चावल्यास काय करावे?

जेलीफिशचा स्पर्श झाल्यास ती जागा चोळू नये आणि वाळूने घासू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावी, गोड्या पाण्याने नाही. कारण गोड्या पाण्याने त्वचेवर चिकटलेल्या दंशपेशी आणखी फुटतात. चिकटलेले धागे चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने काढावेत. किनाऱ्यावर मरून पडलेल्या जेलीफिशलाही हात लावू नये.

वाळूत दडून बसलेल्या पाकटाच्या शेपटीचा काटा लागल्यास वेदना फार तीव्र असते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने ती कमी होते, पण त्यानंतर रुग्णालयात जावेच. उथळ पाण्यातून पाय न उचलता, तळ घासत चालल्यास पाकट आधीच दूर सरकते. २०१३ च्या गणेश विसर्जनात मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर अनेकांना पाकटांनी दंश केला होता, त्यामुळे ही गोष्ट दुर्मीळ असली तरी कल्पित नाही.

श्वास घेण्यास त्रास, चेहऱ्यावर सूज किंवा चक्कर असल्यास तत्काळ १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. सर्वसाधारण आपत्कालीन मदतीसाठी ११२, समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवावेत.

येथे पोहोचायचे कसे?

कोकण रेल्वेवरील कुडाळ आणि कणकवली ही सोयीची स्थानके आहेत; त्यांपैकी कुडाळ मालवणला जवळ पडते. रस्त्याने येणारे मुंबई–गोवा महामार्गावरील कसाल येथे वळून मालवणला येतात. कोल्हापूरकडून फोंडा घाटाने, बेळगावकडून आंबोली घाटाने उतरता येते. चिपी येथील विमानतळ २०२१ पासून सुरू असला, तरी तेथील सेवा बदलत असतात. पर्याय म्हणून गोव्यातील मोपा विमानतळ धरावा. मालवणहून तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर आहे, आणि देवबागचा रस्ता पुढे इतका अरुंद होतो की मोठी बस घेऊन येणाऱ्या शाळांनी गाडी कोठे उभी करायची, हे आधी ठरवून घ्यावे.

पायाला काळे, चिकट डाग पडले आहेत आणि साबणाने निघत नाहीत. हे काय आहे?

समुद्रात सांडलेल्या तेलाचे घट्ट झालेले गोळे आहेत. पश्चिम किनाऱ्यावर ते प्रामुख्याने मे महिन्यापासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत वाहून येतात. साबणाने किंवा पाण्याने घासत बसू नये. खोबरेल तेल लावून पाच मिनिटे थांबावे आणि जुन्या फडक्याने पुसून काढावे. मग साबण लावावा. चपलांचे तळवे घरात किंवा गाडीत शिरण्यापूर्वी तपासावेत, कारण गाडीच्या आसनावरचा डाग तेलानेही निघत नाही.